बोट डुलते, गणित डुलत नाही

दहावीला आपण सगळ्यांनी संभाव्यतेचं प्रकरण शिकलो. पिशवीत पाच लाल चेंडू, तीन निळे चेंडू, एक चेंडू बाहेर काढला तर तो लाल असण्याची संभाव्यता किती? उत्तर काढलं, मार्क घेतले आणि विसरलो. बावन्न पत्त्यांवरचं गणितही त्याच प्रकरणात होतं. ते मात्र विसरायला नको होतं. कारण आता कॉलेज संपतंय, पहिली नोकरी लागतेय, पहिला पगार खात्यात पडतोय आणि ग्रुपवर पहिला मेसेज येतोय, ‘चला, गोवा!’

गोंदियातून गोवा पूर्वीइतका लांब राहिलेला नाही. नागपूर गाठलं की विमानाने दोनेक तासांत तिथे. आणि आता ट्रिपच्या यादीत बीच, किल्ला, स्कूटी यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट आली आहे. कॅसिनो. पणजीसमोर मांडवी नदीत दिव्यांनी लखलखलेल्या बोटी उभ्या असतात, तिथे रात्री जायचं, फोटो काढायचे, ‘एकदा ट्राय करायचं’. ज्यांचं बजेट मोठं, ते मुंबईहून क्रूझ पकडतात. 2021 पासून कॉर्डेलियाची क्रूझ मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जाते आणि तिच्यावरही कॅसिनो आहे. रील्समध्ये दिसतं ते हिरवं टेबल, रंगीत चिप्स आणि डीलरने सफाईने सरकवलेले दोन पत्ते. खेळ ब्लॅकजॅक. आपल्या भाषेत, एकवीस.

जाऊ नका, असं सांगायला मी हे लिहीत नाही. आईबाबा ते सांगतीलच. माझं म्हणणं वेगळं आहे. मंडईत कापड अंथरून खेळला जाणारा जुगार आपल्याला ‘गावठी’ आणि लाजिरवाणा वाटतो. तोच जुगार बोटीवर, एसीत, सूट घातलेल्या डीलरसमोर आला की तो ‘एक्स्पीरियन्स’ होतो. हा आपला दुटप्पीपणा आहे आणि तो आपल्याला महागात पडतोय.

कापडावरचा खेळ आणि बोटीवरचा खेळ

दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक. आणि एखाद्या कोपऱ्यात, पोलिसांची नजर चुकवून, झंडीमुंडी. कापडावर सहा चित्रं, हातात फासे. चित्रावर पैसे लावायचे, फासे पडले की कोणी हसतं, कोणी गप्प होतं. हा खेळ तुम्ही लहानपणी लांबून पाहिला असेल आणि कोणीतरी दंडाला धरून तुम्हाला तिथून ओढून नेलं असेल.

गंमत बघा. अगदी याच धाटणीचा खेळ ब्रिटिश खलाशी जहाजावर खेळायचे. त्याचं नाव ‘क्राउन अँड अँकर’. पत्त्यांचे चार रंग, एक मुकुट, एक नांगर अशी सहा चित्रं. म्हणजे ज्याला आपण गावठी म्हणतो, त्याचा भाऊबंद कधीपासून जहाजावरच होता!

त्या जहाजी खेळाचं गणित सोपं आहे, दहावीचंच. फासे तीन. तुम्ही एका चित्रावर 1 रुपया लावला. तिन्ही फाशांवर तुमचं चित्र न येण्याची शक्यता 216 पैकी 125. एकदा आलं तर 1 रुपया मिळतो, दोनदा आलं तर 2, तिन्हीवर आलं तर 3. सगळं जोडून वजाबाकी केली की 216 रुपयांमागे 17 रुपये खेळवणाऱ्याच्या खिशात जातात. जवळपास 8 टक्के. फासे अगदी प्रामाणिक असले तरी! खेळवणाऱ्याला लबाडी करायची गरजच नाही. रात्रभर कापड अंथरलेलं राहिलं, की झालं.

आता बोटीवर या. तिथे ब्लॅकजॅक खेळणारे सांगतात, ‘हा नशिबाचा खेळ नाही भाऊ, डोक्याचा आहे.’ यात तथ्य आहे, पण अर्धंच.

एकवीसचं खरं गणित

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तुम्हाला दोन पत्ते, डीलरला दोन, त्यातला एक उघडा. पत्त्यांची बेरीज 21 च्या जितकी जवळ तितकं चांगलं, पण 21 ओलांडली की बाद. राजा, राणी, गुलाम यांचे 10, एक्क्याचा 1 किंवा 11. तुम्ही हवे तितके पत्ते मागू शकता. डीलरला मात्र स्वतःचं डोकं चालवायची मुभा नाही, 17 होईपर्यंत त्याने पत्ते घेत राहायचं.

दिसायला दोघं बरोबरीचे. मग घराला फायदा कुठून? क्रमातून. आधी तुमची पाळी. तुम्ही 21 च्या वर गेलात की पैसे लगेच गेले. नंतर डीलरही बाद झाला तरी ते परत येत नाहीत. दोघंही बुडाले तर एकटे तुम्हीच बुडालात, असा हा नियम आहे. ब्लॅकजॅकचा सगळा धंदा या एका नियमावर उभा आहे.

तुम्ही डीलरसारखंच, 17 पर्यंत घ्या मग थांबा, असं खेळलात तर लावलेल्या पैशांपैकी साधारण साडेपाच टक्के घराकडे जातात. डीलरचा उघडा पत्ता बघून कधी घ्यायचं, कधी थांबायचं, याचा एक ठरलेला तक्ता असतो. त्याला बेसिक स्ट्रॅटेजी म्हणतात. तो पाठ केला आणि टेबलाचे नियम चांगले असले तर घराचा वाटा अर्ध्या टक्क्यापर्यंत उतरतो. डोक्याचा खेळ म्हणतात तो इथपर्यंत. म्हणजे डोकं वापरून तुम्ही हरण्याचा वेग कमी करता, जिंकायला लागत नाही.

आणि ‘नियम चांगले असले तर’ या शब्दांत खरी मेख आहे. पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहा आले तर तो ‘ब्लॅकजॅक’. जुन्या नियमाने त्याला तीनास दोन मिळतात. 500 लावले असतील तर 750. पण अनेक ठिकाणी, विशेषतः जगभरातल्या क्रूझवर, सहास पाच देणारी टेबलं असतात. तिथे 500 ला 600 च. दीडशे रुपयांचा फरक, एवढं काय? तर ब्लॅकजॅक सरासरी 21 डावांत एकदा लागतो. तासाला 60 डाव झाले तर साधारण तीन वेळा. म्हणजे तासाला साडेचारशे रुपये नुसत्या एका ओळीमुळे गेले. घराचा वाटा अर्ध्या टक्क्यावरून एकदम दोन टक्क्यांच्या आसपास जातो. ती ओळ टेबलावरच छापलेली असते. वाचतं कोण?

शहरातल्या माणसाला एक टेबल आवडलं नाही तर तो उठून बाहेर जाऊ शकतो. बोट पाण्यात असली की बाहेर कुठे जाणार? क्रूझवरचा कॅसिनो सहसा जहाजाने बंदर सोडल्यावर उघडतो. तुम्ही आहात, समुद्र आहे आणि एकच कॅसिनो आहे. ग्राहक अडकलेला असला की दुकानदार भाव ठरवतो, हे आपल्याला रेल्वे स्टेशनवरच्या पाण्याच्या बाटलीवरून कळायला हवं.

‘पण पत्ते मोजून लोकांनी कॅसिनो बुडवले ना?’ हा प्रश्न हमखास येतो. एडवर्ड थॉर्प नावाच्या अमेरिकन गणितज्ञाने 1962 मध्ये पुस्तक लिहून दाखवून दिलं, की गेलेले पत्ते लक्षात ठेवले तर खेळाडूला थोडा वरचष्मा मिळू शकतो. पुढे एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी टोळी करून ते केलं, त्यावर सिनेमाही आला. खरं आहे. पण थॉर्पचं पुस्तक कॅसिनोवाल्यांनीही वाचलं! आता एकाच वेळी सहा-आठ कॅट वापरतात, कित्येक टेबलांवर सतत पत्ते पिसणारी मशीन असते. वापरलेले पत्ते लगेच मशीनमध्ये परत. मोजणार काय?

साडेबारा क्विंटल धान

टक्के कळले, पण टक्क्यांनी पोटात गोळा येत नाही. म्हणून धानात मोजू.

समजा तुम्ही 500 रुपयांचा डाव लावताय आणि तासाला 60 डाव होतायत. तासाभरात तुमच्या हातून 30 हजार रुपये टेबलावर फिरले. 2025-26 च्या हंगामाचा धानाचा हमीभाव आहे क्विंटलला 2,369 रुपये. म्हणजे एका तासात साधारण साडेबारा क्विंटल धान तुम्ही हिरव्या कापडावर ओतून परत गोळा केलंत. घराचा वाटा दोन टक्के धरला तर त्यातलं 25 किलो सांडलं. तक्ता न पाहता डीलरची नक्कल करत खेळलात तर 70 किलो. तासाला. रोवणीच्या चिखलात उभं राहिलेल्या कोणालाही विचारा, 70 किलो धान म्हणजे काय.

यावर तुम्ही म्हणाल, ‘पण माझा मित्र तर चार हजार जिंकून आला!’ आला असेल. इथेच गणित सगळ्यात चावट आहे. दोन टक्के ही सरासरी झाली. प्रत्यक्षात एका तासात चार-साडेचार हजार वर किंवा खाली जाणं अगदी सामान्य आहे. ढोबळ हिशेब मांडला तर पहिल्या तासानंतर शंभरातले चाळीस-पंचेचाळीस जण पैसे जिंकून उठतात. तेच स्टोरी टाकतात, तेच ग्रुपवर सांगतात. हरलेले साठ जण जेवण छान होतं म्हणून सांगतात. पण तेच शंभर लोक प्रत्येकी शंभर तास खेळले, तर फायद्यात उरतील जेमतेम नऊ-दहा. कॅसिनोला तुम्हाला आज हरवायची घाई नाही. तुम्ही परत यावं एवढंच त्याला हवंय.

परत यायची सोयही तो करतो. प्रवेशाच्या पॅकेजमध्ये जेवण, पेयं, गाणी आणि वर काही चिप्स. त्यातल्या ‘वन टाइम प्ले’ चिप्सचे पैसे मिळत नाहीत, त्या लावाव्याच लागतात. फुकट मिळाल्यासारखं वाटतं आणि हात टेबलाला लागतो. शिवाय नोटांच्या जागी प्लास्टिकच्या चकत्या आल्या की पाचशेची किंमत पाचशे वाटत नाही. यूपीआयने चहा पिताना आपलं होतं तेच, पण शंभर पटीने.

आणि जिंकलात तरी सरकार दारात उभं आहे. कॅसिनोवर आधी 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. पत्त्यांच्या आणि जुगाराच्या कमाईवर आयकर सरळ 30 टक्के. गेल्या महिन्यात हरलेले पैसे या महिन्याच्या जिंकलेल्या पैशांतून वजा करता येत नाहीत. जिंकलं ते उत्पन्न, हरलं ते तुमचं तुम्ही बघा.

गोवेकरांना दार बंद, आपल्याला गालिचा

आता थोडं कायद्याबद्दल, कारण मला खरा राग इथे येतो.

1976 साली दोन कायदे झाले. गोव्याने जुगारबंदीचा कायदा केला आणि महाराष्ट्राने कॅसिनोला परवानगी देण्याचा. पुढे काय झालं बघा. गोव्याने 1992 मध्ये आपल्या कायद्यात दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला वाट दिली, 1996 मध्ये बोटींवरच्या टेबलांनाही. महाराष्ट्राने आपला कॅसिनोचा कायदा कधी अंमलातच आणला नाही आणि 2023 मध्ये तो रद्दच करून टाकला. आपल्याकडे आजही 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतो, ज्याखाली मंडईतल्या कापडावर छापा पडतो. देशात कायदेशीर कॅसिनो चालतात ते गोव्यात आणि सिक्कीममध्ये.

गोव्यातल्या या बोटींना ‘ऑफशोअर’ म्हणतात. ऐकून वाटतं भर समुद्रात असतील. असतात मांडवीच्या पात्रात, पणजीच्या रस्त्यावरून दिसतील इतक्या जवळ. छोट्या बोटीने काही मिनिटांत पोचवतात. कायद्याला पाणी हवं होतं, पाणी दिलं!

आणि सगळ्यात बोलकी गोष्ट. 1 फेब्रुवारी 2020 पासून गोवा सरकारने स्थानिक गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. कारण उघड आहे. आपल्या पोरांचे संसार बुडू नयेत. चांगला निर्णय, मला मान्य आहे. पण मग तो नियम आपल्याला काय सांगतो? ज्यांच्या अंगणात ही बोट उभी आहे, त्यांना ती आपल्या मुलांसाठी नको आहे. चालते ती नागपूरच्या, गोंदियाच्या, बेळगावच्या, हैदराबादच्या मुलांसाठी. स्वयंपाक्याने स्वतः न खाल्लेलं जेवण आपण कौतुकाने खातोय.

वय 21 पूर्ण असलं की आत सोडतात. म्हणजे माझ्या वर्गातला जवळपास प्रत्येक जण पात्र आहे. पात्र आहे, पण तयार आहे का?

बोटीवरून खिशात

‘वर्षातून एकदा तर जातो, दोन-तीन हजार गेले तर गेले.’ हे म्हणणं मला पटतं. सिनेमाला, मॅचला आपण पैसे देतोच. अडचण त्या रात्रीत नाही, परतीच्या प्रवासात आहे. बोट गोव्यात राहते, सवय गाडीत बसून सोबत येते. आणि इकडे आल्यावर तिला टेबल लागत नाही, मोबाइल पुरतो.

गोंदियाला हे वेगळं सांगायला नको. जुलै 2023 मध्ये नागपूर पोलिसांनी आपल्या शहरातल्या एका घरावर छापा घातला आणि कोट्यवधींची रोकड, सोनं, चांदी बाहेर आली. देशभरच्या चॅनलवर गोंदियाचं नाव झळकलं. धानाची बाजारपेठ म्हणून नाही, सारस पक्ष्यांचा जिल्हा म्हणून नाही. नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार होती, की ऑनलाइन जुगाराच्या ॲपवर त्याचे 58 कोटी गेले. त्याआधी तो सुमारे पाच कोटी जिंकलाही होता. आरोप कोर्टात ठरतील. पण क्रम लक्षात घ्या. आधी जिंकणं, मग विश्वास, मग गेलेलं परत मिळवायला आणखी पैसे. 58 कोटींच्या जागी 58 हजार टाका, ही गोष्ट तुमच्या ओळखीच्या कोणाची तरी निघेल.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्याचा खेळ असो की नशिबाचा, दोन्ही त्यात आले. रमीला सुप्रीम कोर्टाने 1968 मध्ये मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं होतं, त्याच्या आधारावर इतकी वर्षं ॲपवाले जाहिराती करत होते. तो आडोसा गेला. पण बोटीवरचं टेबल तसंच आहे. म्हणजे आता मोबाइलवर ब्लॅकजॅक गुन्हा, मंडईत झंडीमुंडी गुन्हा आणि मांडवीत दोन्हीचे थोरले भाऊ परवाना घेऊन बसलेत. हे जर नैतिकतेवरून ठरलं असतं तर तिन्हीकडे एकच नियम असता. ठरलंय ते महसुलावरून. तसं स्पष्ट सांगा, आम्ही समजून घेऊ.

मग मागायचं काय?

सरसकट बंदी मला पटत नाही. बंदी घातलेली झंडीमुंडी दर मंडईत दिसते, यातच सगळं आलं. पण तीन गोष्टी मागायला हरकत नाही.

एक, पाकिटावर जशी कॅन्सरची सूचना असते, तशी प्रत्येक टेबलावर ठळक अक्षरांत एक ओळ हवी. इथे लावलेल्या प्रत्येक 100 रुपयांमागे सरासरी इतके रुपये घर ठेवतं. सिगारेटवाल्याला सांगावं लागतं, मग कॅसिनोवाल्याला का नको?

दोन, आपल्या कॉलेजांत संभाव्यता शिकवताना चेंडूंची पिशवी बाजूला ठेवा आणि झंडीमुंडीचं कापड घ्या. एका तासाच्या लेक्चरमध्ये 216 पैकी 17 चा हिशेब फळ्यावर मांडा. हजार भाषणांपेक्षा जास्त काम होईल. सर-मॅडम लाजत असतील तर आपणच प्रोजेक्ट करू.

तीन, जुगाराच्या व्यसनाला आजार म्हणायला लागू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आहे. आपल्याकडे मात्र दारू पिणाऱ्याला निदान व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता देतात, हरणाऱ्याला नुसत्या शिव्या. तो लपवतो, उधार घेतो, आणखी बुडतो. 14416 हा टेली-मानसचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तो सेव्ह करून ठेवा. स्वतःसाठी नको असेल तर मित्रासाठी.

आणि तुमच्यासाठी, जे यंदा जाणारच आहेत त्यांच्यासाठी, एक साधी रीत. जेवढे गेले तरी झोप लागेल तेवढेच रोख सोबत न्या. कार्ड आणि मोबाइल हॉटेलच्या खोलीत ठेवा. टेबलावर बसण्याआधी त्यावर काय छापलंय ते वाचा, सहास पाच दिसलं तर उठा. आणि ‘आता गेलेले परत काढतो’ हे वाक्य मनात आलं, की किती वाजले ते न बघता परतीची बोट धरा.

बाकी मांडवीवरचा वारा छान असतो म्हणे. त्याचे पैसे लागत नाहीत.